बायकोच्या प्लेटा

प्रयोगशाळेत त्याला सगळे काटा म्हणत. तराजूवरचा काटा. कुणाच्या वाढदिवसाला केक कापायचा असला की सुरी याच्या हातात देत, कारण हा मान तिरकी करून, एक डोळा मिटून असे तुकडे पाडी की तक्रारीला कुणाला जागा उरत नसे. स्वतःच्या वाट्याला मात्र नेहमी कडेचा, क्रीम पुसलं गेलेला तुकडा. असल्या माणसांचं बाहेर फार कौतुक होतं आणि घरच्यांचे हाल होतात.

त्याचं काम क्षयाचे जंतू मोजण्याचं. उंदराच्या फुप्फुसाचा लगदा पातळ करून तो एका गोल, झाकणवाल्या प्लेटमध्ये जंतूंच्या खाद्याच्या घट्ट थरावर पसरायचा आणि प्लेट उबेत ठेवायचा. मग काही आठवड्यांनी, जिथे एकेक जंतू पडला असेल तिथे एकेक पिवळट, खरबरीत ठिपका उगवतो, पावाचा चुरा सांडावा तसा. त्या ठिपक्याला वसाहत म्हणतात. वसाहती जितक्या जास्त तितके फुप्फुसात जंतू जास्त, म्हणजे लस तितकी कुचकामी. काटा दुहेरी हातमोजे आणि नाकावर घट्ट मास्क लावून बंद खोलीत या वसाहती मोजत बसे. काचेतून बघणाऱ्याला वाटावं, माणूस तांदूळ निवडतोय.

दोन दारं पलीकडे त्याची बायको लशीवर काम करत होती. क्षयाची जुनी लस बाळाच्या दंडावर टोचतात. लहानपणी ती बरी पाठराखण करते, पण माणूस मोठा होईतो तिचा जोर ओसरतो. काट्याच्या बायकोचं म्हणणं असं, की जुनी लस शरीराला शत्रू दाखवते खरी, पण लढणाऱ्या पेशींच्या तो फार काळ लक्षात राहत नाही. या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते ठरावीक रेणूंमार्फत. पुस्तकात त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातलाच एक रेणू लशीत मिसळून टोचला, तर पेशी नीट जाग्या होतील आणि त्यांची आठवणही टिकेल. कितीतरी वर्षं ती या एका रेणूच्या मागे हात धुऊन लागली होती. कधी मात्रा जास्त होऊन उंदीर तापाने मरत, कधी कमी पडून काहीच होत नसे.

आणि हे सगळं कुणापायी चाललंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे तिघांना. तिसऱ्या म्हणजे काट्याच्या सासूबाई. त्या लेकीकडेच राहत. सासूबाईंच्या दंडावर लशीचा व्रण होता, बटणाएवढा, आणि तरी ऐन तारुण्यात त्यांना क्षय झाला. महिनोन्महिने त्या दवाखान्यात होत्या. लेक तेव्हा अगदी लहान. आत सोडत नसत, म्हणून वडील तिला बागेतून वर उचलून धरत आणि खिडकी दाखवून म्हणत, ती बघ आई. पोरीला कुठली खिडकी ते उमगत नसे. ती रोज भलत्याच बाईला हात हलवून घरी यायची. सासूबाई हे हसत हसत सांगत. काट्याची बायको या गोष्टीला कधीच हसली नाही.

सायटोकाइन हा शब्द सासूबाईंच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी रेणूचं नाव निरोप्या ठेवलं, आणि हळूहळू प्रयोगशाळाही त्याला निरोप्याच म्हणू लागली.

या खेपेला विभागप्रमुख मॅडमनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. जुन्या लशीत निरोप्या मिसळल्यावर नुसत्या जुन्या लशीपेक्षा धडधडीत फरक दिसला, तर काम पुढे मोठ्या प्राण्यांवर जाईल. नाही दिसला तर निरोप्याला रामराम.

आता या उंदरांचे जंतू मोजणार कोण? त्या बंद खोलीत बसून मोजायचा सराव असलेला माणूस एकच, आणि तो तिचा नवरा. मॅडमनी त्यावर तोड काढली.

"लगदा हीच पसरेल, पण नंतर प्लेटांवर मी नुसते आकडे चिकटवीन. कुठला आकडा कुठल्या गटाचा, ते फक्त मला माहीत असेल. शिवाय मोजणारा काटा आहे. तो सख्ख्या आईलासुद्धा एक ठिपका माफ करायचा नाही."

सगळे हसले, काटाही हसला. अट एकच होती, की निकाल लागेपर्यंत दोघांनी घरी प्रयोगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

दोघंही शब्दाला पक्की, त्यामुळे घरात बोलण्याचा दुष्काळ पडला. इतकी वर्षं जेवताना यांचं बोलणं उंदरांपासून सुरू होऊन उंदरांवर संपायचं. आता काय बोलावं? "पडदे धुवायला टाकायला हवेत." "हो, टाकायला हवेत." "हे काढून फिकट लावू या का?" पडद्यांचं एवढं भाग्य त्या घरात पूर्वी कधी उजळलं नव्हतं.

सासूबाईंना हे काही सहन होईना.

"जावईबापू, तुमच्या त्या उंदरांना खोकला येतो का हो?"

"आई, त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय."

"मी कुठे निकाल विचारतेय? खोकला विचारला."

"आपल्यासारखे नाही खोकत ते."

"मग बिचाऱ्यांना कळतं तरी कसं, आपल्याला काय झालंय ते?"

बायको भाजी चिरता चिरता खुदकन हसली. काट्याचा जीव त्या हसण्यात विरघळला. आपण या बाईवर फार प्रेम करतो, हे त्याला ठाऊक होतं. तिची लस लागू पडावी असं त्याला मनापासून वाटत होतं. इतकं वाटत होतं, की त्याला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती.

मोजणी सुरू झाली. मोजताना खरी पंचाईत होते ती शंकेच्या ठिपक्यांची. दोन वसाहती एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, त्या दोन धरायच्या की एक? एखादा अगदी बारीक कण दिसतो, तो वसाहत आहे की खालच्या थरातलाच खडा? त्या खोलीतला रिवाज असा, की शंका आली तर सोडून द्यायचं. सगळ्यांचंच सोडायचं, म्हणजे अन्याय कुणावरच नाही. हा रिवाज पाडला होता काट्यानेच.

मधेच काही प्लेटा हातात आल्या आणि तो थबकला. प्लेटांवर लगदा पसरायचं काम बायकोने केलं होतं. बाकीच्या प्लेटांवर तो चारचौघांसारखा ठीकठाक पसरला होता. या प्लेटांवर मात्र अगदी काठापर्यंत, सगळीकडे सारखा, कुठे दाटी नाही, कुठे रिकामं नाही. काट्याने तो हात ओळखला. पाहुणे यायचे असले की ती पलंगावरची चादर अशीच चारी कोपऱ्यांपर्यंत ताणायची, वरून हात फिरवायची, लांब जाऊन बघायची आणि परत येऊन आणखी एकदा हात फिरवायची. तिचा जीव जिथे गुंतलेला असे तिथेच तिचा हात असा चाले. या निरोप्याच्याच प्लेटा, याबद्दल त्याला तिळमात्र शंका उरली नाही.

सरळ माणसाने अशा वेळी काय करावं? उठावं, मॅडमकडे जावं आणि सांगावं, की मला ओळखू आलंय, दुसरं कुणीतरी बसवा. काटा उठला नाही. त्याला वाटलं, आपण काटा आहोत, आपण सांभाळू. आणि सांभाळलं ते कसं? त्या प्लेटांवरचा एकही शंकेचा ठिपका त्याने सोडला नाही. चिकटलेल्या वसाहती दोन धरल्या. कण दिसला की वसाहत धरली. बायकोला झुकतं माप दिलं असं उद्या कुणी म्हणायला नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. शेवटची प्लेट खाली ठेवली तेव्हा त्याची मान ताठ होती. पण आपणच आपल्या बायकोच्या लशीचा गळा घोटला की काय, असं त्याला वाटत होतं.

निकालाच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं आणि आकडे गटवार लावून पडद्यावर टाकले. काहीच न टोचलेल्या उंदरांची फुप्फुसं जंतूंनी खच्चून भरलेली. नुसता निरोप्या टोचलेल्यांची साधारण तीच गत. नुसती जुनी लस टोचलेले त्यांच्यापेक्षा बरे. आणि जुनी लस अधिक निरोप्या टोचलेल्यांच्यात जंतू इतके कमी, की मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी वाजवली.

बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लोक तिच्याभोवती गोळा झाले. काटा मात्र पडद्यावरचे प्लेटांचे आकडे बघत खुर्चीला खिळून बसला होता. त्याने डोळ्यांत तेल घालून मोजलेल्या त्या प्लेटा निरोप्याच्या नव्हत्याच. त्या जुन्या लशीच्या होत्या. बायकोच्या बाजूला झुकायचं नाही म्हणून त्याने जो हात कडक केला, त्याचा रट्टा बसला होता समोरच्याला. जुनी लस होती त्याहून वाईट दिसत होती आणि म्हणून बायकोची लस होती त्याहून छान.

गर्दीतून तिने त्याच्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते. काट्याने हसल्यासारखं केलं.

घरी सासूबाईंनी लेकीला मिठीत घेतलं ती सोडेचनात.

"म्हणजे आता कुणा आईला त्या खिडकीत उभं राहायला नको."

"अगं, अजून खूप लांब आहे ते, आई. हे नुसते उंदीर."

"उंदीर तर उंदीर. सुरुवात झाली ना?" असं म्हणून त्या जावयाकडे वळल्या. "तुम्ही का असे तोंड पाडून बसलात? तुमचीच बायको आहे ना ही?"

जेवणं उरकली. सासूबाई आत जाऊन टीव्ही लावून बसल्या, बायको ओट्याशी भांडी पुसू लागली, तसा तो उठून तिच्याजवळ गेला.

"मला तुला सांगायचंय काहीतरी. प्लेटांबद्दल."

"आता खुशाल सांग! पडद्यांवर बोलून बोलून जीभ झिजली माझी."

त्याने सांगितलं. काहीही न लपवता, एका दमात. बायको ऐकता ऐकता तेच एक भांडं पुसत राहिली.

"म्हणजे तुला वाटलं त्या माझ्या आहेत."

"हो."

"आणि माझ्या वाटल्या म्हणून तू त्या कडक मोजल्यास."

"हो."

"मग तो फरक खोटा आहे?"

"फुगलेला आहे. किती, ते मला माहीत नाही. सगळाच्या सगळा खोटासुद्धा असू शकेल."

ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "त्या प्लेटा मी मुद्दामच जपून पसरल्या होत्या. मला भीती वाटत होती, माझा हात माझ्याच लशीकडे झुकेल. जुन्या लशीच्या वेळी हिने हात आखडता घेतला असं कुणी म्हणू नये, म्हणून तिच्या प्लेटांवर जास्त मेहनत घेतली. नीट पसरलं की वसाहती सुट्या सुट्या उगवतात, जास्त मोजल्या जातात. तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

एकाला बायकोची बाजू घ्यायची नव्हती आणि दुसरीला स्वतःची. दोघांनी मिळून बिचाऱ्या जुन्या लशीला झोडपून काढलं होतं. बायकोला एकदम हसू फुटलं. ती पोट धरून हसली आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"मला एक सांग," ती म्हणाली. "परक्या बाईच्या प्लेटा असत्या तर कशा मोजल्या असत्यास?"

"रिवाजाप्रमाणे."

"मग परक्या बाईला जेवढा न्याय मिळतो तेवढा मला का नाही? बैठकीत सगळ्यांत अवघड प्रश्न मलाच. माझा लेख छापून आला की सगळे पाठ थोपटतात आणि तू शेवटच्या परिच्छेदातली चूक दाखवतोस. लोक म्हणतात, वा, काय निःपक्षपाती माणूस आहे! घाल चुलीत तुझा निःपक्षपात. माझ्या बाजूचा एक तरी माणूस मला घरात हवा होता."

काट्याने तिच्या हातातलं भांडं घेऊन ओट्यावर ठेवलं.

"उद्या मॅडमना सांगतो," तो म्हणाला.

"सांगतो नाही, सांगू. पसरलं मीच होतं." तिने पदराने डोळे पुसले. "पण फरक गेला ना, तर मी तुझ्याशी महिनाभर पडद्यांवरच बोलणार आहे."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"चोर परवडला," त्या म्हणाल्या. "चोर कुठे हात मारणार ते आधी कळतं तरी. तुम्हा प्रामाणिक माणसांचं काय करायचं, सांगा मला?"

नशिबाने प्लेटा अजून टाकून दिल्या नव्हत्या. त्या शीतकपाटात ठेवलेल्या होत्या. मॅडमनी वरच्या मजल्यावरच्या बुरशीवाल्यांना खाली बोलावलं. हे गृहस्थ आयुष्यभर बुरशीच बघत आलेले. त्यांना क्षयाशी देणंघेणं नव्हतं आणि या जोडप्याशी तर त्याहून नव्हतं. खोलीची शिस्त शिकून घेऊन, नवे आकडे चिकटवलेल्या त्याच प्लेटा ते कंटाळलेल्या तोंडाने मोजू लागले. काटा काचेबाहेरून बघे. ते मधेच जांभई देत तेव्हा याचा जीव खालीवर होई.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं.

"मोजा की मग पुन्हा. मी कुठे चाललेय?" आणि लेक आत गेल्यावर हळूच, "जावईबापू, खरं बोललात ते चांगलं केलंत. पण तिला कधीतरी नुसतं छान म्हणा हो. त्याने माणूस मरत नाही."

"सवय नाही, आई."

"मला तरी रोज गोळ्या गिळायची कुठे सवय होती?"

बुरशीवाल्यांचे आकडे आले. मॅडमनी या खेपेला गर्दी जमवली नाही, दोघांनाच आपल्या खोलीत बोलावलं. बायकोने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"फरक निम्म्यावर आलाय," मॅडम म्हणाल्या.

बायकोने डोळे मिटून घेतले.

"निम्म्यावर आलाय, पण आहे. शिट्टी वाजवण्याएवढा नाही. पण धडधडीत आहे, आणि जवळजवळ प्रत्येक उंदरात आहे. उंदरांवर आणखी एकदा करा. लगदा यंत्राने पसरा, मोजायला दोन परकी माणसं बसवा. तेही ठीक आलं, तर मोठ्या प्राण्यांवर जा." मग त्या काट्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. हिच्या कामाची एकही प्लेट यापुढे तुम्ही मोजायची नाही. हिच्या बैठकीत प्रश्न विचारायचे नाहीत, हिचे लेख तपासायचे नाहीत. आम्हाला परीक्षक पुष्कळ आहेत. तुम्ही हिचे नवरे आहात, तेवढं पुरे."

काट्याला आजवर मोजणीवरून कुणी उठवलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. मान खाली घालून तो बायकोबरोबर जिना उतरला आणि दोघं घरच्या रस्त्याला लागली. कचेऱ्या सुटायची वेळ होती, फुटपाथवर माणसांची रीघ लागली होती.

"म्हणजे तुझ्या कामाबद्दल मी आता मत द्यायचं नाही," काटा शेवटी म्हणाला.

"नाही."

"तोलून मापून बोलायची सक्तीही नाही मग."

"नसावी."

काटा चालता चालता थांबला. मागून येणारा एकजण त्याच्यावर आदळून पुटपुटत पुढे गेला.

"मग ऐक. तापाने उंदीर पटापट गेले, तेव्हा सगळे म्हणाले सोडून दे. मीसुद्धा मनात म्हणालो. तू सोडलं नाहीस. मात्रा वाटून थोडी थोडी द्यायची, हे माझ्या डोक्यात जन्मात आलं नसतं. बैठकीत तू उभी राहिलीस की माझी छाती फुगते, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून मी तो अवघड प्रश्न विचारतो. मला ही लस लागू पडायला हवीय. पहिल्या दिवसापासून हवीय. लोकांसाठी, आईंसाठी वगैरे सगळं आहेच, पण मला ती हवीय कारण ती तुझी आहे. हे शास्त्राला धरून नाही. नसू दे. छान काम केलंस तू. फार फार छान केलंस."

त्याचा आवाज एवढा चढला होता, की पलीकडच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघू लागला. बायको भर फुटपाथवर रडायला लागली. काट्याने आपल्या दोन्ही हातांत तिचे हात धरले.

"अरे, लोक बघतायत," ती म्हणाली.

"बघू देत," काटा म्हणाला.